ग्वाल्हेरला न गेलेला ट्रक

आमचा ट्रक गेल्या जानेवारीत ग्वाल्हेरला जायचा होता, तो गेला नाही. कुणाला सांगायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "मग भाडं बुडालं?" भाड्याची गोष्टच नव्हती. त्या ट्रकमधून वहिनींचं घरसामान जायचं होतं, सामानाबरोबर केबिनमध्ये बसून वहिनी आणि मी जाणार होतो, आणि तिथे पोचल्यावर त्यांचं नवं स्वयंपाकघर मी माझ्या हाताने लावून देणार होते. हे आमचं कधीचं ठरलं होतं ते आठवायला बसले तर दोघींचे केस काळे होते तिथपर्यंत जावं लागेल. सामान गेलं, वहिनी गेल्या, डबेही लागले. मी मात्र इथेच आहे.

वहिनी म्हणजे माझ्या कुणा भावाची बायको नव्हे. भोपाळला पिपलानीच्या टाऊनशिपमध्ये आमच्या क्वार्टरला लागून त्यांचं क्वार्टर होतं. दोघींचे नवरे एकाच सरकारी कारखान्यात, माझा टेस्टिंगमध्ये आणि त्यांचा स्टोअर्समध्ये. मी लग्न होऊन साताऱ्याहून आले ती ऐन मे महिन्यात. सामान उतरतंय, नवरा हमालांशी मोडक्या हिंदीत भांडतोय आणि मी दारात उभी राहून रडू येतंय का याचा अंदाज घेतेय, एवढ्यात शेजारच्या मागच्या दारातून एक बाई पदर खोचून आत आल्या. "तू बस बिलकुल. आधी पाणी पिऊन घे," म्हणाल्या, आणि माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

टाऊनशिपमध्ये ती रीतच होती. नवीन येणाऱ्या घराचं स्वयंपाकघर शेजारणीने लावायचं आणि पहिल्या दिवशीचा स्वयंपाकही तिथेच, त्याच भांड्यांत तिनेच करायचा. कुणी घालून दिली कोण जाणे. सगळेच आपापला मुलूख सोडून आलेले, सासू-आई कुणाचीच जवळ नाही, त्यातून निघाली असेल. त्यामुळे कुठल्या बंगाली घरात डबे पंजाबी पद्धतीने लागलेले असत, आणि माझ्या घरात ते ग्वाल्हेरच्या पद्धतीने लागले. मीठ डाव्या हाताला, चहा-साखर खिडकीशी, म्हणजे लाइट गेली तरी सापडतात. डाळी खाली, पिठं वर. मी आजही मीठ डाव्या हाताला ठेवते.

त्या दिवशी वहिनींनी वरण-भात आणि आलू-मेथी केली होती. मी "बटाटा" म्हटलं तर म्हणाल्या, "बटाटा तुमच्या पुण्यात. इथे आलू." मी म्हटलं, मी साताऱ्याची. त्या म्हणाल्या, "ग्वाल्हेरहून पाहिलं की सगळं पुणंच दिसतं." तेव्हापासून मी पुणेवाली. त्यांच्या मराठीला मी हसायची, माझ्या हिंदीला त्या हसायच्या, आणि आमची मुलं दोन्ही भाषांची खिचडी करून दोघींनाही हसायची. मागचं दार दोन्ही घरांचं दिवसभर उघडं. एकमेकींकडे जाताना आम्ही कधी चपला घातल्या नाहीत.

वहिनी निवृत्तीनंतर ग्वाल्हेरला परत जाणार हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. त्यांनी एकदा तसं म्हटलं तेव्हा मी फटकन बोलून गेले, "मग तिथलं स्वयंपाकघर मी लावून देणार. पहिला स्वयंपाकही मीच करणार." त्या म्हणाल्या, "बटाट्याची भाजी करशील ना पण?" मी म्हटलं, आलूची करीन. पुढे दरवर्षी कधी ना कधी या गोष्टीची उजळणी व्हायची. आम्ही दोघी, एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण दोघीच अशा कुठे गेलो नाही. मुलांच्या परीक्षा, पाहुणे, दुखणी. जवळच्या भोजपूरला गेलो तेही दोन घरची पूर्ण वरात घेऊन. म्हणून ग्वाल्हेरचा तो प्रवास आमच्या दोघींचा होता.

माझा नवरा आधी निवृत्त झाला. आम्ही क्वार्टर सोडून टाऊनशिपच्या कुंपणापलीकडे लहानसं घर बांधलं, आणि नवऱ्याने, सगळे जण फ्लॅट घेतात नाहीतर तीर्थयात्रा करतात त्या वयात, एक जुना सहाचाकी डिझेल ट्रक घेतला. लायसन्स काढलं आणि गोविंदपुऱ्यातल्या शेडमधून लोखंडी माल इकडून तिकडे पोचवायला स्वतः चालवू लागला. मी डोक्याला हात लावला होता. वहिनींना मात्र भारी आनंद. "चला, आता आपलं वाहन झालं," म्हणाल्या. दादा म्हणजे त्यांचे यजमान. ते रिटायर होऊन निघतील तेव्हा एक दिवस आधी रेल्वेने पुढे जातील, तिथलं वीज-पाणी बघतील, आणि मागून सामान घेऊन आमची तिघांची स्वारी ट्रकने येईल, असं पक्कं झालं.

इथे माझ्या नवऱ्याचा स्वभाव सांगायला हवा. जन्मभर टेस्टिंगमध्ये काढलेला माणूस. तपासल्याशिवाय कुठलीही वस्तू कारखान्याच्या गेटाबाहेर सोडायची नाही हे त्याचं काम होतं, आणि ते काम तो घरी घेऊन यायचा. नवा पंखा घेतला तर दुकानदाराला घाम फुटेपर्यंत दुकानातच चालवून बघणार. गॅसचा पाइप बदलला की साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणार. मुलीचं लग्न ठरवताना जावईबापूंना काय काय विचारलं ते मी इथे लिहीत नाही. आम्ही सगळे त्याला हसायचो, पण मनातून मला त्याचा अभिमान होता. त्याच्या हातून गेलेली वस्तू परत आली नाही कधी, हे मी शेजारणींना ऐकवलेलं आहे.

डिसेंबर संपता संपता दादांनी क्वार्टर रिकामं करायची तारीख सांगितली. रिटायर झाल्यावर एकदा मुदत वाढवून घेतली होती, आता वाढणार नव्हती. नव्या माणसाला क्वार्टर मिळालेलं, तो रंगवायच्या घाईत. आम्ही दोघींनी तयारी सुरू केली. आणि तारखेच्या आधीच्या आठवड्यात, मंडीदीपहून माल टाकून येताना, ट्रकचा तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला.

नवऱ्याने तिथेच थांबून, पाणी घालत, गार करत, हळूहळू गाडी घरी आणली आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर लावली. मला बोलावून दाखवलंही. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून पाणी बाहेर यायला लागतं. तिथून धार लागली होती. पुढचा पंखा हाताने धरून हलवला तर सैल दातासारखा हलत होता. "बेअरिंगही गेलं," नवरा म्हणाला. "पंप बदलायचा. दोन दिवसांचं काम." मी वहिनींना फोन करून सांगितलं, काळजी नको, दोन दिवसांचं काम आहे.

पिपलानीच्या रस्त्यावरचा एक मिस्त्री मदतीला आला. रेडिएटर रिकामा केला, पंखा उतरवला, पट्टा काढला. पंपाचा एक बोल्ट गंजून असा बसला होता की तो तुटलाच, आणि त्याचा राहिलेला तुकडा काढण्यात एक अख्खा दिवस गेला. तरी मी निश्चिंत होते. नवा पंप आला, सांध्यातलं जुनं चिकटलेलं गॅस्केट पात्याने खरवडून नवरा ती जागा बोट फिरवून फिरवून बघत होता. मग म्हणाला, "एवढं उघडलंच आहे तर थर्मोस्टॅटही बदलून घेऊ."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये बसणारा वाटीएवढा व्हॉल्व्ह. इंजिन गार असताना तो बंद राहतो, तापलं की उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. मला हे इतक्या वेळा समजावलं गेलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. मिस्त्रीने त्याच्यावरचं झाकण खोललं. आत काहीच नव्हतं. गंज होता, गाळ होता, थर्मोस्टॅट नव्हता.

मिस्त्री हसायला लागला. "भाईसाब, ये तो सब निकाल के फेंक देते हैं. भोपाल में कौन सी बर्फ पड़ती है?"

नवऱ्याचा चेहरा मला अजून दिसतो. ट्रक विकत घेताना त्याने टायर, ब्रेक, बॅटरी, चासीवरची वेल्डिंग, सगळं तपासलं होतं. हे झाकण उघडलं नव्हतं. म्हणजे ही गाडी त्याच्याकडे आली त्या दिवसापासून थर्मोस्टॅटशिवाय चालत होती आणि टेस्टिंगवाल्याला पत्ता नव्हता.

"इतने साल ऐसे ही चली है," मिस्त्री म्हणाला. "ग्वालियर भी हो आएगी. आप ढक्कन लगवाओ, शाम तक गाड़ी खड़ी कर देता हूँ."

"इतकी वर्षं मला माहीत नव्हतं," नवरा मराठीतच म्हणाला. मग हिंदीत, "अब मालूम है. डलेगा."

मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं. हे लिहिताना जीव तळमळतो, पण आवडलं होतं. मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते आणि मनात म्हटलं, असाच आहे आमचा माणूस.

नवा थर्मोस्टॅट त्याच दिवशी मिळाला. पण तो बसवायच्या आधी तपासायला नको? नवऱ्याने माझं दुधाचं पातेलं घेतलं, गॅसवर पाणी ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरून उभा राहिला. वहिनी त्याच वेळी दोरखंड आहे का विचारायला आल्या होत्या.

"हे काय शिजवताय भाऊजी?" त्या म्हणाल्या. "रात्रीच्या जेवणाला हेच आहे का?"

"उघडतो का ते बघतोय," नवरा गंभीरपणे म्हणाला.

"आणि नाही उघडला तर?"

"परत."

"आणि दुसरा पण नाही उघडला तर?"

"तोही परत."

वहिनी पोट धरून हसल्या. मीही हसले. तिघं जण त्या पातेल्यात डोकावून बसलो. पाणी खळाखळा उकळायला लागलं तरी तो पठ्ठ्या जेमतेम किलकिला झाला. नवऱ्याने गॅस बंद केला. हसू ओसरल्यावर वहिनींची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलेली मी पाहिली. त्या दोरखंड घेऊन गेल्या.

दुसरा थर्मोस्टॅट वेळेवर उघडला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण पाणी निवल्यावर नवऱ्याने तो बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला, डोळा बारीक केला, आणि मान हलवली. पूर्ण मिटला नव्हता. केसाएवढी फट राहिली होती. मला तर ती दिसलीसुद्धा नाही.

तेव्हा मी भडकले. "अहो, काही नसताना चालत होती ना गाडी? मग केसाएवढ्या फटीने काय आकाश कोसळणार आहे? नाहीतर काढून टाका आणि चला. परत आल्यावर हवे तेवढे उकळत बसा."

"वहिनींचा सगळा संसार मागे असणार," तो म्हणाला. "शिवपुरीच्या जंगलात गाडी उभी राहिली तर दोन बायकांना घेऊन मी काय करू?"

"इतकी वर्षं उभी राहिली?"

"तेव्हा वहिनी बसल्या नव्हत्या तिच्यात."

त्याचा जीव होता वहिनींवर. त्याच्या आजारपणात त्यांनीच तर आमचं घर चालवलं होतं. पण माझ्या जिभेवर आलेलं वेगळंच होतं. तुम्हाला ट्रक ग्वाल्हेरला पोचवायचा नाहीये, पास करायचाय, असं म्हणणार होते. ते गिळलं. वाटलं, अजून वेळ आहे. तिसरा थर्मोस्टॅट त्याने इंदूरहून मागवला, बसने येणाऱ्या पार्सलातून. उद्या सकाळी येतो म्हणाले, तो सकाळी आला नाही, संध्याकाळी येतो म्हणाले.

त्या संध्याकाळी वहिनी आल्या. मी त्यांच्यासाठी रव्याचे लाडू बांधत होते, वाटेत खायला. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. थोडा वेळ ग्वाल्हेरच्या नव्या इमारतीत कोण कुठल्या मजल्यावर राहतं, तिथे दूधवाला येतो की नाही असलं काहीबाही बोलल्या. मग म्हणाल्या, "अगं, मुलाने ऑनलाइन पॅकर्सची गाडी बुक करून टाकली आहे. उद्या सकाळी येऊन जातील."

माझा हात लाडूवरच थांबला. "पण आज रात्री पार्सल येतंय."

"येईल ना. मग लागेल, मग भाऊजी चालवून बघतील, मग काही निघेल." त्या हे चिडून बोलत नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "परवाच्या आत किल्ली द्यायची आहे गं. दादांची तब्येत बघते आहेस तू. त्यांना टेन्शन नाही झेपत."

"तुम्ही बसून जाल का त्या गाडीत? मी पण येते."

"नाही बसू देत ते लोक. आम्ही दोघं गाडीने जाऊ." त्यांच्या बोलण्यात गाडी म्हणजे रेल्वे. "तू टेन्शन नको घेऊ. आणि ऐक, भाऊजींना नको बोलू काही. त्यांनी तर जीव लावून केलं आहे."

मला माहीत होतं की मुलाने आपणहून काही बुक केलेलं नव्हतं. वहिनींनीच त्याला फोन केला होता. आमच्यावर शब्द येऊ नये म्हणून मुलाचं नाव पुढे. आणि मला हेही कळत होतं की त्यांनी अगदी बरोबर केलं. मी त्यांच्या जागी असते तर दोन दिवस आधीच केलं असतं. लाडू मी डब्यात भरून दिले. निघताना त्यांनी डबा उघडून एक तिथेच खाल्ला आणि "तूप कमी" म्हणाल्या, नेहमीसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिपलानीला गेले तेव्हा पॅकर्सची मुलं कामाला लागली होती. एकसारखे टी-शर्ट, हातात टेपचे रोल, आणि काय तो झपाटा. मी स्वयंपाकघरात गेले. डबे अजून फळीवर होते. मी मसाल्याचा डबा हातात घेतला तर त्यातला एक जण अदबीने म्हणाला, "आंटी, आप बैठिए. हम कर लेंगे." मी म्हटलं, कशात काय आहे ते मला माहीत आहे, मी सांगते. तो म्हणाला, जरूरत नहीं आंटी, सब पैक हो जाएगा. आणि खरंच झालं. हळद, धणे, साबुदाणा, पापड, सगळं एका फुग्याफुग्याच्या प्लास्टिकात गुंडाळून खोक्यात, खोक्यावर मोठ्या अक्षरात किचन. ज्या फळीवर हात टाकला की डोळे मिटून मला जिरे सापडत होते ती फळी चहा पिऊन होईपर्यंत रिकामी झाली.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. वहिनी आत-बाहेर करत होत्या, नव्या माणसाला द्यायचं मीटरचं रीडिंग दादांना ओरडून सांगत होत्या. मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. नवऱ्याचं चुकलं होतं म्हणावं तर थर्मोस्टॅट हवाच होता. मिस्त्रीचं म्हणणं ऐकायला हवं होतं म्हणावं तर उद्या गाडी बंद पडली असती आणि मीच त्याला फाडून खाल्लं असतं. मला भांडायला कुणीच उरलेलं नव्हतं, आणि भांडायला कुणी नसलं की माझं काही चालत नाही.

खोकी चढली, त्यांच्या ट्रकचं मागचं दार बंद झालं, मोठं कुलूप लागलं. आणि तेवढ्यात माझा नवरा आला. स्कूटरवरून, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर, हातांना ग्रीस तसंच. रात्री उशिरा पार्सल आलं होतं, पहाटे उठून त्याने ते उकळून पाहिलं होतं, बसवलं होतं. स्कूटर स्टँडला न लावताच तो दादांना म्हणाला, "झाली गाडी. पास झाली."

त्याने त्या अनोळखी ट्रकच्या कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वहिनींनी मला बोलू नको म्हटलं होतं, म्हणून मी त्याला रात्रीच सांगितलं नव्हतं. ते नीट केलं की नाही, मला अजूनही ठरवता येत नाही.

दादा पुढे आले आणि त्याच्या ग्रीसच्या हाताला हात मिळवला. "चला, तुमची गाडी तरी बरी झाली," म्हणाले. ते मनापासूनच म्हणाले, आणि म्हणूनच नवऱ्याला ते सोसलं नाही. तो वाकून स्कूटरचं काहीतरी बघत बसला. वहिनी त्याच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "भाऊजी, आत या, हात धुऊन घ्या. साबण अजून आहे." तो गेला आणि बराच वेळ आला नाही. नळाचा आवाज मात्र येत होता.

दुपारच्या गाडीला आम्ही त्यांना स्टेशनवर सोडलं. वहिनींनी मला मिठी मारली, मी त्यांचा पदर सारखा केला, आणि दोघीही डोळे कोरडे ठेवण्यात तरबेज असल्यामुळे कुणी रडलं नाही. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीशी दादांच्या औषधांची पिशवी शोधत होत्या. त्यामुळे हात हलवायचा राहिला.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "जरा गाडी फिरवून आणतो. येतेस?" मला जायचं नव्हतं, पण गेले. रायसेन रस्त्याने आम्ही शहर मागे टाकून बरेच पुढे गेलो. दोन्ही बाजूंना गहू हिरवागार उभा होता. इंजिनाचा आवाज खरंच बदलला होता. खरखर नाही, धाप नाही, काटा बरोबर मध्यावर, हलायला तयार नाही. एरवी त्याने मला चारदा काटा दाखवला असता. त्या दिवशी त्याने एकदाही दाखवला नाही.

एका ढाब्यापाशी त्याने गाडी बाजूला घेतली, पण उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "एक दिवस तशीही चालली असती गं."

आठवडाभर मी हेच वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला टपून होते. ते ऐकलं की काय काय ऐकवायचं याची मी उजळणीही केली होती. आता ऐकलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तो म्हातारा दिसत होता. मी म्हटलं, "हो, चालली असती." खोटं बोलून त्याची समजूत घालावी असंही वाटलं नाही. मग आम्ही चहा घेतला आणि परत आलो.

तो पुढे म्हणाला, आपण जाऊ, फेब्रुवारीत जाऊ, ट्रकनेच जाऊ. पण रिकामा ट्रक गाठीभेटीला एवढ्या लांब जात नसतो, हे त्यालाही माहीत आहे. आणि मला भेटायला जायचंच नव्हतं. मला न्यायचं होतं त्यांना. दार उघडून आत शिरायचं होतं, पदर खोचून, "तुम्ही बसा बिलकुल, आधी पाणी प्या" असं म्हणायचं होतं. ते त्याच एका दिवशी करता येतं. नंतर कितीही वेळा गेलं तरी घर लागलेलं असतं.

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. सामान पोचलं, एक कप सोडून काही फुटलं नाही, लिफ्ट आहे पण दादा तरी जिन्यानेच येतात, समोरचे लोक गुजराती आहेत, भले वाटतात. मी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि स्वयंपाकघर?"

"लागलं गं. समोरची आली होती, मी नको नको म्हटलं तरी लावून गेली बिचारी. मला तर अजून मीठ पण नाही सापडत आहे." त्या हसल्या. मी हसले नाही म्हणून त्याही थांबल्या. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तू सोड ते सगळं. तू होळीनंतर येऊन जा ना. आरामात, आठ दिवस. पाहुणी म्हणून ये. तुला एका कामाला हात नाही लावू देणार मी."

इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी पाहुणी हा शब्द एकमेकींसाठी कधी वापरला नव्हता. मी म्हटलं, "हो वहिनी, येते."